कोंबूचाच्या किटमध्ये आपल्या चवी: खान्देशातल्या घरासाठी पायरीपायरीने

कोंबूचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबटगोड, फेसाळ पेय. जळगाव-भुसावळकडच्या ओळखीच्या घरांत त्याच्या बिघडलेल्या बरण्या मी बऱ्याच पाहिल्या. चूक जवळपास प्रत्येक ठिकाणी तीच होती. आलं, केळं, लिंबू, जे काही घालायचं ते स्कोबी (चहा आंबवणाऱ्या जिवाणू आणि यीस्टची चकती) असलेल्या मूळ बरणीतच घातलेलं, आणि दिवस मोजलेले ते किटसोबतच्या पत्रकाप्रमाणे. ही पत्रकं थंड हवेच्या गावांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे चवीचं सामान मूळ बरणी आंबून झाल्यावर, बाटलीतच घालायचं, आणि दिवस मोजण्याऐवजी आंबटपणा मोजायचा.

बिअरचं, त्यातही काळ्या स्टाउटचं किट मागवून त्यात फेरफार कसे करायचे, असंही काही जण विचारतात. परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे, म्हणून ती कृती इथे देत नाही. स्टाउटची भाजकी, कडसर चव मात्र कोंबूचात चांगली उतरते. ती पाचव्या टप्प्यात सांगितली आहे.

## टप्पा १: सामान आणि जागा

किटमध्ये स्कोबी म्हणजे पांढरट, जाड, सायीसारखी चकती असते आणि ती ज्या आंबट पाण्यात बुडालेली असते ते पाणी असतं. पुष्कळ जण चकती जपून काढतात आणि पाणी बेसिनमध्ये ओततात. हे कधीही करू नका. ते पाणी म्हणजे विरजण आहे. चकती नसली तरी विरजणावर बरणी लागते आणि नवी चकती आपोआप धरते. विरजण नसेल तर नुसत्या चकतीवर बुरशीचा धोका मोठा.

किटमध्ये सहसा नसलेल्या तीन वस्तू आधी आणा: एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि पीएच (आंबटपणाचा आकडा; जितका कमी, तितकं आंबट) मोजायच्या पट्ट्या. पट्ट्या अडीच ते साडेचारच्या आसपास बारीक फरक दाखवणाऱ्या घ्या. एक ते चौदापर्यंतच्या सर्वसाधारण पट्टीवर तीन आणि चार यांतला फरक डोळ्याला कळत नाही, आणि आपलं सगळं काम त्याच फरकावर चालतं.

बरणी काचेची, रुंद तोंडाची, तीन लिटरची. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम नको. आजीच्या वेळची लोणच्याची चिनीमातीची बरणीही नको. जुन्या लुकणात शिसं असू शकतं आणि इतक्या दिवसांच्या आंबट पाण्यात ते उतरतं. स्टीलचा चमचा ढवळण्यापुरता चालतो.

जागा निवडताना आधी घरात केळीचा घड कुठे टांगलाय ते पाहा. रावेर-यावलकडच्या घरांत तो असतोच, आणि पिकत आलेल्या केळ्यांवरची चिलटं थेट बरणीकडे वळतात. दोन्हींमध्ये निदान एक खोली असू द्या. पीठ चाळायची जागा, ओलसर भिंत आणि थेट ऊनही टाळा.

तपासा: चहाच्या भांड्याच्या तळाशी किंवा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो का? धरत असेल तर तुमचं बोअरचं पाणी जड आहे. अशा पाण्यातले क्षार आम्ल शोषून घेतात, पीएच लवकर खाली येत नाही आणि तेवढ्या दिवसांत बुरशीला संधी मिळते. फिल्टरचं पाणी घ्या. नळाचं असेल तर उकळून, उघडं ठेवून गार करा, म्हणजे क्लोरीन निघून जातं.

## टप्पा २: पहिली बरणी साधीच

पहिल्या दोन बरण्यांत काहीही वेगळं घालायचं नाही. साधी चव जिभेवर बसली नसेल, तर पुढे कोणत्या सामानाने काय बदललं ते ओळखता येणार नाही.

दोन लिटरसाठी साखर १४० ग्रॅम, साधा काळा चहा १२ ग्रॅम, विरजण ३०० मिलिलिटर. फेब्रुवारीच्या शेवटापासून पावसापर्यंत विरजण ४०० मिलिलिटर घ्या. किटमध्ये तेवढं नसेल तर पहिली बरणी एकाच लिटरची लावा. मसाला चहा, वेलची चहा, अत्तरासारखा सुगंध लावलेला चहा घेऊ नका. त्यातली तेलं जिवाणूंना बाधतात. साखर साधी पांढरी. गूळ आणि मध या बरणीत नको.

क्रम असा:

१. अर्धा लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, चहा घाला, दहा मिनिटं झाका.

२. गाळून गरम असतानाच साखर विरघळवा.

३. उकळून गार केलेलं पाणी ओतून, विरजण धरून दोन लिटर भरेल एवढं करा.

४. थर्मामीटर लावा. ३० अंशांच्या खाली आल्याशिवाय विरजण घालायचं नाही. बोट बुडवून अंदाज घेऊ नका. एप्रिलमध्ये माठाबाहेरचं पाणीच कोमट असतं, त्यामुळे बोटाला सगळं गार वाटतं.

५. विरजण घालून ढवळा, पट्टी लावा, मग चकती अलगद सोडा. ती तरंगली, बुडाली, आडवी झाली, काही फरक पडत नाही.

६. तोंडावर घट्ट विणीचं सुती फडकं, जुन्या धोतराचं उत्तम, दुहेरी करून रबराने बांधा. गाळण्याच्या जाळीदार कापडातून चिलटं आत जातात.

थांबा: पाचव्या पायरीवर पीएच साडेचारच्या वर असेल तर बरणी तशीच ठेवू नका. आणखी विरजण घाला. विरजण संपलं असेल तर साधा पांढरा व्हिनेगर चमचाचमचा घालून पट्टी ४.२ ते ४.५ दरम्यान आणा. सुरुवातीचा हा आंबटपणाच बुरशीला आणि रोगजंतूंना दूर ठेवतो.

## टप्पा ३: उन्हाळा आवरणं

या जिवाणू-यीस्टला २४ ते २९ अंश मानवतात. तिशीच्या पुढे यीस्ट जोर धरतं, आम्ल करणारे जिवाणू मागे पडतात, आणि चव आंबट-फळासारखी न होता शिळ्या ताडीसारखी लागते. चाळिशीच्या आसपास चकतीच मरगळते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास भुसावळला पारा ४५ वर जातो. तेव्हा पंख्याखाली ठेवून भागत नाही.

मला उपयोगी पडलेला उपाय माठाच्याच तत्त्वावर चालतो. मोठं घमेलं घ्या, त्यात चार बोटं पाणी. बरणी मधे ठेवा. जुना टॉवेल ओला करून बरणीभोवती गुंडाळा, खालची कड पाण्यात बुडालेली राहील असा. टॉवेल तोंडावरच्या फडक्याला लागता कामा नये. ते भिजलं की हवा अडते आणि बुरशी धरते. शेजारी छोटा पंखा लावा. आपली कोरडी हवा पाणी झपाट्याने उडवते आणि बरणी थंड राहते. गेल्या मे महिन्यात दुपारी तीनला ओट्यावर ४१ अंश होते तेव्हा बरणीचा थर्मामीटर ३० दाखवत होता. संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा घमेल्यात पाणी भरावं लागतं, एवढंच काम.

पाऊस लागला की हवा दमट होते आणि हा उपाय निरुपयोगी ठरतो, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही. हिवाळ्यात धुळ्याकडे पारा एक आकडी होतो तेव्हा उलटं करा: बरणी गोधडीत गुंडाळून स्वयंपाकघराच्या आतल्या फळीवर ठेवा. अंधाऱ्या बंद कपाटात कोंडू नका, हवा खेळती लागते.

बरणी फ्रिजमध्ये ठेवून उन्हाळा काढता येईल असं वाटतं, पण थंडीत जिवाणू झोपतात आणि बाहेर काढल्यावर बुरशी आधी उठते.

## टप्पा ४: कधी थांबायचं

पत्रकात दहा ते चौदा दिवस लिहिलेले असतात. माझ्याकडे एप्रिलमध्ये पाच-सहा दिवसांत होतं, जानेवारीत सोळा-सतरा दिवस लागतात. म्हणून चौथ्या दिवसापासून रोज एक स्वच्छ चमचाभर काढून पट्टी लावा आणि चव घ्या. चहाच्या रंगामुळे पट्टी फसवते. थेंब सोडून दहा सेकंदांनी पट्टीच्या कडेचा रंग पाहा.

पीएच ३.५ ते २.८ या टप्प्यात कुठेतरी तुमच्या जिभेला बरं वाटेल तिथे थांबा. अडीचच्या खाली गेलेलं पिऊ नका, ते पुढच्या बरण्यांसाठी विरजण म्हणून ठेवा. सात दिवस झाले तरी पट्टी ४.२ च्या खाली उतरली नसेल, तर बरणी टाकून द्या.

वर काय दिसतंय तेही पाहा. तपकिरी तंतू, तळाशी गाळ, पांढरी पातळ साय हे सगळं ठीक. कोरडी, केसाळ, हिरवी, काळी किंवा भुरकट पांढरी बुरशी वरच्या अंगाला दिसली, तर चकती, पाणी सगळं फेका. खराब भाग चमच्याने काढून उरलेलं वापरायचा मोह होतो, कारण चकती महाग असते. बुरशीची मुळं आणि तिची विषं डोळ्याला दिसत नाहीत.

तपासा: बाटल्या भरायच्या आधी ४०० मिलिलिटर साधं पेय आणि चकती वेगळ्या बरणीत काढून ठेवा. हे पुढच्या वेळचं विरजण. चवीचं सामान याला कधीही लागू द्यायचं नाही. तळापेक्षा वरच्या थरातलं काढा. तळाशी यीस्ट जास्त असतं आणि तेच घेत राहिलात तर दर खेपेला बरणी जास्त फसफसते, कमी आंबट होते.

## टप्पा ५: आपल्या चवी

एका बरणीतून ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या निघतात. एक साधी ठेवा, दुसरीत एकच सामान घाला. आलं, लिंबू, मिरची एकदम घातलं आणि चव आवडली, तर ती कशामुळे आली हे कळत नाही. बिघडली तरी कळत नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख, सामान आणि ग्रॅम लिहा. खालची प्रमाणं एका ७५० मिलिलिटर बाटलीसाठी आहेत.

आलं. ५ ग्रॅम, धुऊन, सालासकट किसून. सालावर नैसर्गिक यीस्ट असतं, त्यामुळे फेस झटकन येतो. सुरुवात इथूनच करा.

लिंबू. रस दोन चहाचे चमचे आणि सालीची पातळ पट्टी, आतला पांढरा भाग काढून. तो राहिला तर कडवट होतं. लिंबात साखर नगण्य, म्हणून फेसासाठी ३ ग्रॅम साखर वेगळी घाला.

लाल अंबाडीची बोंडं. सुकी ३ ग्रॅम, ५० मिलिलिटर पाण्यात उकळून, गार करून, गाळून. रंग सुरेख येतो. मूळ पेय कमी आंबट असतानाच घाला, नाहीतर दात आंबतात.

मेहरूणची बोरं. थंडीत मिळतात तेव्हा ४० ग्रॅम. प्रत्येक बोर फोडून आत अळी नाही ना ते पाहा, बी काढा, कुस्करा.

नंदुरबारची सुकी मिरची. अर्धी, बिया काढून, आणि चोवीस तासांनी बाहेर. आत राहिली तर तिखटपणा रोज वाढत जातो.

केळं. इथे सगळ्यात जास्त घात होतो. पिकलेल्या केळ्यात शंभर ग्रॅममागे साधारण १२ ते १८ ग्रॅम साखर असते, आणि एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर जवळपास अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अर्धं केळं बाटलीत गेलं की बंद बुचाखाली केवढा वायू साठेल, याचा हिशेब करा. त्यात गर बारीक तरंगत राहतो, त्यावर बुडबुडे धरतात आणि बूच उघडताच अर्धी बाटली छतावर. केळं घालायचंच तर ३० ग्रॅम काळे ठिपके पडलेलं केळं १०० मिलिलिटर साध्या कोंबूचात कुस्करा, दोन तास झाकून ठेवा, फडक्यातून न पिळता गाळा आणि नुसतं पाणी बाटलीत घाला. न पिळता, हे महत्त्वाचं. वास पुरेपूर येतो.

भाजकी, काळी चव. स्टाउटच्या जवळ जाणारी ही. आपली दादर ज्वारी २५ ग्रॅम लोखंडी कढईत मध्यम आचेवर सतत हलवत भाजा. आधी भाकरीचा वास येतो, मग लाह्यांचा, मग कॉफीसारखा; तिसरा वास आला की उतरवा. रंग गडद तपकिरी हवा. काळी पडली तर राखेची चव येते आणि ती कशानेही जात नाही. जाडसर कुटून २०० मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं मंद उकळा, निवळू द्या, वरचं गाळून घ्या. यातलं ६० मिलिलिटर वापरायचं. सोबत चिकोरी नसलेली ८ ग्रॅम कॉफी ६० मिलिलिटर थंड पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवून त्यातलं २५ मिलिलिटर, आणि ३ ग्रॅम काळा गूळ थोड्या पाण्यात उकळून, गार करून. मूळ पेय ३.३ च्या आसपास थांबवलेलं घ्या. त्याहून आंबट असेल तर कॉफीचा कडूपणा आणि आंबटपणा भांडतात. आधी साधी बाटली जमली पाहिजे, म्हणून ही चव तिसऱ्या-चौथ्या बरणीच्या वेळी करा. एकच सामान हा नियम इथेच मोडतो, पण तिन्ही मिळून एक चव आहे.

धान्याचा काढा आंबट नसतो. तपासा: मिसळल्यावर पट्टी ४ च्या खालीच हवी.

मोहाची फुलं घालू नका. सुक्या फुलांचा निम्म्याहून अधिक भाग साखर असतो. बाटली फुटेल किंवा आत दारू होईल. दूध, तेल, मीठ, हिंग, सुगंधी अर्क यांनाही इथे जागा नाही.

## टप्पा ६: बाटली आणि दाब

फेस यायला बाटली बंद करून बाहेर ठेवावी लागते, आणि धोका इथेच आहे. एका वैशाखात मी आल्याच्या दोन बाटल्या फळीवर ठेवून दोन दिवसांसाठी चोपड्याला गेलो. परत आलो तेव्हा एक फुटली होती. काचेचे तुकडे खोलीभर उडालेले, आणि शेजारच्या डब्याचं झाकण अर्धवट लागलं होतं म्हणून आतल्या ज्वारीच्या पिठातही काचकण. आठ-दहा किलो पीठ डब्यासकट टाकून द्यावं लागलं. खोलीत कोणी असतं तर, हा विचार अजून जात नाही.

१. फेस येणाऱ्या पेयांच्या जाड, गोल बाटल्याच घ्या. शोभेच्या चौकोनी बाटल्या, सरबताच्या पातळ बाटल्या नको.

२. वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरू नका. फार रिकामीही ठेवू नका.

३. त्याच मिश्रणाने सोड्याची एक छोटी प्लास्टिकची बाटली भरा, तेवढीच जागा सोडून. ही तुमची दाब मोजायची खूण. दाबून पाहा: सुरुवातीला मऊ असते, ती न दबण्याइतकी कडक झाली की सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये.

४. सगळ्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात किंवा बादलीत, वरून जाड कापड टाकून ठेवा. ओट्यावर, मुलांच्या हाताशी नको.

५. उन्हाळ्यात दर सहा तासांनी खुणेची बाटली दाबा. माझ्याकडे मे महिन्यात बारा ते चोवीस तास पुरतात, डिसेंबरात तीन-चार दिवस लागतात.

थांबा: गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी बाटल्या भरू नका. मूळ बरणी चार दिवस एकटी राहते, बंद बाटली नाही. आणि उन्हाळ्यात लाईट बराच वेळ गेली तर फ्रिजमधल्या बाटल्याही तापतात. लाईट आल्यावर लगेच उघडू नका, पूर्ण गार होऊ द्या.

## टप्पा ७: गाळणं, ठेवणं, पिणं

फ्रिजमध्ये निदान बारा तास गेल्यावरच बूच उघडा. थंड पाण्यात वायू विरघळून राहतो, गरम बाटलीतून तो उसळतो. बेसिनवर, तोंड दूर धरून, बूच एकदम न काढता सैल करत जा. किसलेलं आलं, बोरांचा चोथा गाळून काढा. फळाचे तुकडे आत राहिले तर फ्रिजमध्येही हळूहळू आंबतात. पंधरा दिवसांत संपवा.

पहिल्यांदा पिणाऱ्याने अर्धा पेला, सुमारे १०० मिलिलिटर घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पोट कसं आहे ते पाहावं. यात अल्कोहोल थोडं असतंच, साधारण अर्धा टक्का, घरच्या कोंबूचात कधी त्याहून जास्तही. बाटलीत साखर जास्त पडली आणि ऊब लागली की ते वाढतं. जे व्यसन सोडत आहेत किंवा धर्मनियमाने अल्कोहोल वर्ज्य मानतात त्यांना पेला देण्याआधी हे स्पष्ट सांगा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, यकृत-मूत्रपिंडाचे आजार असलेले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांनी घरचं कोंबूचा घेऊ नये.

बाटल्या रिकाम्या झाल्या की लगेच गरम पाण्याने आणि लांब ब्रशने धुवा, साबणाचा अंश राहू देऊ नका, उलट्या करून पूर्ण वाळवा. चौथ्या टप्प्यात बाजूला काढलेलं विरजण एव्हाना आणखी आंबट झालं असेल. त्याला पट्टी लावा. तीनच्या आसपास आली की पुढच्या बरणीचा चहा चढवायला हरकत नाही.